साखरमुक्त गूळ

जालन्यात अंबड रोडला पाटी लागली आहे : 'शुगर फ्री गुळाचा चहा'. पाटी हिरव्या रंगाची आहे, त्यामुळे शंकेला जागाच उरलेली नाही.

पाटीखाली सकाळी जी गर्दी असते, तिने साखर सोडली आहे. कुणी संक्रांतीपासून, कुणी रिपोर्ट हातात पडल्यापासून. साध्या चहाचे दहा रुपये, याचे पंधरा. वरचे पाच आरोग्याचे. दुसऱ्या कपाला हाक येते, "भाऊ, गूळ जरा जास्त टाका, औषधी असतो."

आता हे त्या उसाला कोणी समजावून सांगावं? घनसावंगी तालुक्यातलं एक शेत घ्या. एकाच सरीतले दोन ऊस. एक कारखान्याच्या ट्रॉलीत चढला आणि विष झाला. दुसरा गुऱ्हाळावर गेला आणि औषध झाला. पाणी तेच, खत तेच, रसही तोच. एक पांढरा निघाला आणि बदनाम झाला, दुसरा तांबूस निघाला आणि थेट आयुर्वेदात जाऊन बसला. शरीर मात्र अडाणी. त्याला रंग दिसत नाही, पाटी वाचता येत नाही. गुळाचा मोठा भाग सुक्रोजच. आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, साखरेचं होतं तसंच, आणि रक्तातली साखर तशीच चढते. "पण गुळात लोह असतं!" असतं ना. रोजची गरज त्यातून भागवायची तर ढेपच फोडायला बसावं लागेल. शिवाय हा गूळ तुम्ही घालता कशात? चहात. चहातलं टॅनिन त्या लोहाला फारसं अंगी लागू देत नाही. म्हणजे एका कपात औषध आणि त्याच कपात औषधाचा बंदोबस्त. अशी किफायत फक्त पंधरा रुपयांत मिळते.

खरोखर गोड कमी केलं तर काय होतं, याची पाटी कुठेच दिसत नाही. वजन थोडं उतरतं, दात कमी किडतात, ट्रायग्लिसराइड आणि यकृतातली चरबी घटते. काही आठवड्यांत जीभही कमी गोडाला सरावते. वरून घातलेलं गोड दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे साधारण सहा चमचे. त्या सहांत गूळ आला, मध आला, गाळलेला रससुद्धा आला. रसावरून आठवलं. आपली मोसंबीच घ्या. सोलून खाल्ली तर चोथ्यासकट पोटात जाते आणि साखर सावकाश उतरते. पण सोलायला वेळ कुणाला? आपण ती पिळतो, चोथा फेकतो, वर मध घालतो आणि म्हणतो, साखर नको हं!

इथवर हसून घेतलं. पण दिवाळीच्या आसपास मंठा-परतूरच्या तांड्यांवरून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. पहाटेच्या अंधारात पाचटाच्या चुलीवर कोरा चहा उकळतो, त्यात मूठभर साखर, कारण दुपारी भाकर मिळेपर्यंत तेवढ्यावरच कोयता चालवायचा असतो. त्यातल्या एखाद्या बाईला जाऊन सांगा, 'ताई, साखर सोडा, हलकं वाटतं.' सांगाच. तिच्या डोक्यावर मोळी असेल, ती उतरेपर्यंत थांबा. तिने तोडलेल्या उसाचा गूळ करून, त्याला हिरवी पाटी लावून, पाच रुपये जास्त देऊन आपण त्यागी होतो. चमचा मात्र एकानेही मोजलेला नाही.

गूळ खा, साखर खा, पण कमी खा. एवढं सांगण्यात कुणालाच पाच रुपये सुटत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही.