वाढपी पाहिजेत? आधी पिनकोड टाका

परभणीत लग्नसराईत घोडा मिळतो, बँड मिळतो, वशिला असेल तर भर तिथीला कार्यालयसुद्धा मिळतं. मिळत नाही तो वाढपी. जिंतूर रोडपासून वसमत रोडपर्यंत सगळी कार्यालयं एकाच दिवशी भरतात आणि गावातली तीच ती पोरं सगळ्यांनाच हवी असतात. मग पोरं पुरवणाऱ्या मुकादमाचा भाव नवरदेवापेक्षा वर जातो. त्याचा फोन लागत नाही आणि लागला तर "यायलेत मालक, पोरं रस्त्यातच हायेत" एवढंच ऐकू येतं.

आमच्या ओळखीच्या एका कार्यालयमालकाने यंदा मुकादमाच्या पाया पडायचं नाही असं ठरवलं. पुण्याच्या भाच्याने त्याला सांगितलं होतं, "मामा, आता शिफ्टवर माणसं देणारी अ‍ॅप आहेत. खातं उघडा, किती माणसं, किती वाजता, काय काम, एवढं टाका. माणसं दारात हजर."

मामा-भाचे खातं उघडायला बसले. व्यवसायाचा प्रकार विचारला. यादीत कॅफे होता, बार होता, फाइन डायनिंग होतं; मंगल कार्यालय नव्हतं. भाच्याने ‘बँक्वेट’वर बोट ठेवलं आणि मामा जागच्या जागी बँक्वेटवाले झाले. मागचं पत्र्याचं स्वयंपाकघर मात्र होतं तसंच राहिलं. पुढे 15 अक्षरी जीएसटी क्रमांक, 14 अंकी अन्नपरवाना, दुकान नोंदणी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यात 2025 पर्यंत दहापेक्षा कमी कामगार असले तर नुसती सूचना देऊन भागायचं. त्यामुळे परभणीतल्या कुठल्याही हॉटेलात कागदावर नऊच माणसं असायची. दहावा असायचा तो पाहुणा; सहज आला होता आणि सहजच टेबल पुसत होता.

मग कर्मचाऱ्यांचा पोशाख: काळी पँट, पांढरा शर्ट, न घसरणारे बूट. मामा म्हणाले, "चप्पल चालंल असं लिही." लिहायला जागा नव्हती. शेवटी शहर आलं. यादीत परभणी नव्हती, म्हणून 431401 हा पिनकोड टाकला. उत्तर आलं: आम्ही तुमच्या भागात लवकरच येत आहोत.

या वाक्याने दुसऱ्या एखाद्या गावाला वाईट वाटलं असतं. परभणीकराला नाही वाटत. आमच्याकडे सगळंच लवकर येत असतं. वर्षानुवर्षं येत असतं.

पण समजा, आलं. तरी त्या अ‍ॅपला शिफ्ट सुरू कधी आणि संपणार कधी ते कळायला हवं. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. त्या वेळी नवरदेव मारुतीच्या देवळापाशी, मित्र डीजेपुढे आणि मुलीचा मामा भटजींची समजूत काढण्यात. अक्षता पडतात अडीचला. अक्षता हातात असतानाच अर्धं वऱ्हाड पंगतीकडे पळतं, उरलेलं फोटो काढून चार वाजता जेवायला येतं आणि गावाकडची शेवटची जीप पाचला पोचते. तोवर अ‍ॅपमधली शिफ्ट संपून तास झालेला असतो. मुकादम यातलं काहीही न विचारता धरून चालतो. त्याच्या हिशेबात वेळ नसतेच, ‘एक लग्न’ एवढंच असतं. त्यात पोराचे चार तास जादा गेले तर ते पोराचे जातात, मुकादमाचे नाही. अ‍ॅपच्या बाजूने बोलायला जागा असलीच तर ती इथे आहे. निदान घड्याळ तरी लागेल.

माणसं मुळात आहेत का, हा पुढचा प्रश्न. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. पण तेव्हाच मानवत-सेलूकडे कापूस वेचायला माणूस हवा असतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. तिथल्या तात्पुरत्या हॉटेलांना भांडी घासायला, भजी तळायला, चहा फिरवायला हात लागतात. म्हणजे केटररची स्पर्धा केटररशी नाही. पांढऱ्या बोंडाशी, उसाच्या कांडीशी आणि भज्याच्या कढईशी आहे. अ‍ॅपच्या नकाशावर यातलं काहीच दिसत नाही. कुणीच मिळालं नाही, की ते मालकाला एकच उपाय सुचवतं: दर वाढवा. हाच सल्ला मुकादम गेली वीस वर्षं फुकट देतोय.

आणि पैसे? अ‍ॅप काम झाल्यावर देतं, कधी आठवड्याने देतं. आमच्याकडे कामाआधी उचल लागते. उचल म्हणजे पोराने मालकावर टाकलेला अविश्वास असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. काम झाल्यावर "यजमानाने अजून दिले नाहीत, सोमवारी ये" हे ऐकून ज्याचे चार सोमवार गेलेत, तो उचल घेतल्याशिवाय बादली हातात धरत नाही. कुठला मालक बुडवतो हे स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. तिथे तारे द्यायची पद्धत नाही, शिव्या द्यायची आहे. माहिती मात्र पक्की.

खरी गंमत अशी, की ज्याला आज नवं म्हणून विकतात ते महाराष्ट्राने 1969 मध्येच कायदा करून ठेवलं होतं. माथाडी कायदा. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही नोंदणी मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा बघायची. अनेक मालक, एक कामगार आणि मधे हिशेब ठेवणारा तिसरा. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी आणि माथाडी कामगारांनी हे मोबाइलशिवाय मिळवलं. मंडळांचे घोळ निघाले, ‘माथाडी’ नावावर खंडणी मागणारेही निघाले, ते खरंच. पण रचना बघा. मालकाचं खातं उघडण्याचा तिथला अर्थ होता: पैसे आधी इथे ठेव. 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी असाच कायदा आला, 2008 मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा. मोंढ्यातल्या हमालाला मंडळ मिळालं, गेटवरच्या रक्षकाला मिळालं. हमालाने उतरवलेल्या गव्हाच्या पुऱ्या जो पंगतीत फिरवतो, तो राहिला.

केंद्राच्या नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवाल्या कंपन्यांची यादी आहे आणि तिच्यात प्रवास व आदरातिथ्यही आहे. कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या निधीत भरायचे. नंतर आलेल्या मसुदा नियमांत लाभासाठी एका कंपनीबरोबर वर्षात किमान 90 दिवस कामाची अट घातली होती. घरातलं पंचांग काढा आणि लग्नाच्या तिथी मोजा. पोराचे 90 भरायचे तर वधुवरांनी पितृपक्षातही सहकार्य करावं लागेल.

अमेरिकेत ‘क्विक’ नावाची कंपनी हॉटेलांना शिफ्टवर माणसं पुरवते. ही माणसं आमची नव्हेत, स्वतंत्र ठेकेदार आहेत, असं तिचं म्हणणं होतं. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वकिलाने तिच्यावर खटला भरला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तडजोड झाली. कंपनीने 21 लाख डॉलर मोजले आणि कॅलिफोर्नियातल्या कामगारांना कर्मचारी मानायचं कबूल केलं. परभणीत असा खटला कोण भरणार? इथे पोराला ठेकेदार म्हणायचीही गरज पडत नाही. "घरचाच हाय" म्हटलं की संपलं.

तेव्हा मुकादम वाईट आणि अ‍ॅप चांगलं, किंवा उलट, असलं काही मी सांगणार नाही. दोघेही मधे कापतात. मुकादम निदान पोराच्या आजारपणात पाचशे रुपये हातावर ठेवतो आणि पुढच्या लग्नात सहाशे कापून घेतो.

अ‍ॅपवाल्यांनो, लवकरच येत आहात म्हणून एक मागणं. मालकाच्या नोंदणीत तुम्ही जीएसटी विचारता, पार्किंग विचारता, बुटांचा तळवाही विचारता. त्यात एक रकाना वाढवा: मागच्या हंगामातल्या किती पोरांचे किती रुपये बाकी आहेत? तो भरून, पैसे चुकते झाल्याशिवाय कुणाचंही खातं चालू करू नका.