परसातली कृष्णा

साताऱ्याबाहेर फार्महाउस बांधायचं तर हल्ली पाया नंतर, आधी पोहण्याचा तलाव. तीस बाय पंधरा, खोली पाच फूट; कोपऱ्यात गुरगुरणाऱ्या गरम पाण्याचं टाकं, म्हणजे 'स्पा'. पाणी सुमारे ६४ हजार लिटर, दहा हजारांच्या टँकरच्या साडेसहा खेपा. माण-खटावात उन्हाळ्यात याच टँकरमागे हंडे धावतात. पण हंड्याला निळ्या टाइल्स कुठे असतात? एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तिच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे आमच्या हौशी मालकाची एक डुबकी सव्वा वाघिणीची. शिवाय बाष्पीभवन, ते वेगळंच.

याच सातारा जिल्ह्यात लिंबला वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बारा मोटांची विहीर बांधून घेतली. अष्टकोनी, आत चक्क छोटेखानी महाल! आजच्या आर्किटेक्टनं नुसत्या नकाशाचेच किती लावले असते कोण जाणे. पाणी मात्र जायचं आमराईला. क्लोरीनचं पाणी आंब्याला मानवत नाही, तेव्हा आपण त्या जबाबदारीतून सुटलो.

सांगलीकरांना एवढा खटाटोप लागत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि तलाव परसात न थांबता थेट बैठकीत आला. खोदाई नाही, टाइल्स नाहीत, नगररचनेची परवानगी नाही. स्पाचीही उणीव राहिली नाही. जाताना प्रत्येक घराला चिखलाचा लेप लावून गेली, तोही फुकट.