भुरी पडलेल्या झाडाचे शास्त्रोक्त संगोपन

ज्या गावात बर्फ पडत नाही आणि ज्या घरात नाताळ नसतो, तिथे बर्फ पडलेले नाताळचे झाड कसे नांदवावे, यावर मराठीत ग्रंथ नाही. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला तीन कारणांनी प्राप्त झाला आहे. मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉण्टला राहतो. माझ्या घरी असे साडेसात फुटी झाड आहे. आणि ते आणले त्या वर्षी माझी आई तासगावहून सहा महिन्यांसाठी आली होती.

प्रथम व्याख्या. प्लॅस्टिकच्या हिरव्या फांद्यांवर चिकट द्रव्य लावून वर पांढरी भुकटी बसवली, की ते ‘फ्लॉक केलेले’ झाड होते. खरे झाडही असे पांढरे करून मिळते. भुकटी हल्ली बहुधा कागदाच्या लगद्याची असते. पूर्वीचे लोक अधिक धाडसी होते. 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटात अफूच्या फुलांवर जो बर्फ पडतो तो ॲस्बेस्टॉसचा होता असे सांगतात, आणि तसलाच बर्फ त्या काळी घरच्या झाडांवर भुरभुरायला दुकानात मिळत असे. यात आपण हसण्यासारखे काही नाही. थर्मोकोलच्या कैलासावर कापूस चिकटवून त्यात गणपती बसवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बर्फाला नावे ठेवू नयेत.

नियम पहिला. झाडाची घरातील वडीलधाऱ्यांशी रीतसर ओळख करून द्यावी.

आम्ही ती करून दिली नाही. आई विमानातून उतरली, वरणभात जेवली आणि झोपली. झाड त्यानंतर, रात्री उभे राहिले. पहाटे चारला, तासगावच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी, ती उठली, अंधारात मोबाइलचा टॉर्च मारून तिने दिवाणखाना पाहिला आणि मला हलवले. “अरे ऊठ, भुरी आलीय.”

द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य कोणत्या काळजीने उठवते, ते ज्याची बाग आहे त्यालाच कळेल. पानावर भुरी रोगाची पांढरी पावडर दिसली की आमचे अण्णा जेवणावरून उठत. मी झोपेतच “गंधक आहे का बघ” म्हणालो, असे बायको सांगते. आणि परत झोपलो.

नियम दुसरा. या झाडाला पाणी दाखवू नये.

भुरीवरचे औषध म्हणजे गंधक, ते इथे मिळेना, म्हणून आईने तुळशीसाठी आणलेले कडुनिंबाचे तेल, भांड्यांचा साबण आणि पाणी बाटलीत एकत्र करून फवारणी केली. पानांच्या खालून, कारण वरून मारणारा आळशी असतो. मी सातला उठलो तेव्हा एका बाजूच्या बर्फाचे पिठले झाले होते. ओलाव्याने चिकटपणा सुटतो, भुकटीच्या गाठी होतात आणि त्या वाळल्या की पोपडे धरून गळतात. धूळ झटकायची तर मऊ, कोरड्या ब्रशाने, वरून खाली, हलक्या हाताने. दिव्यांच्या माळा झाडात आधीच गुंफलेल्या होत्या. प्लग काढलेला होता, हे आमचे नशीब.

नियम तिसरा. जोडणी गॅरेजमध्ये, जुन्या चादरीवर करावी. नाहीतर बर्फ चहाच्या डब्यात, मुलीच्या गणिताच्या वहीत आणि मार्चमध्ये पासपोर्टात सापडतो.

नियम चौथा, आणि हा खरा.

खोक्यातून निघालेले झाड मिटलेल्या छत्रीसारखे असते. ते फुलवायला दोन तास लागतात, आणि इथेच बहुतेक लोक कंटाळून बाहेरची टोके तेवढी पसरतात. मग मधला दांडा उघडा दिसतो. मी तेच केले होते. फवारणीचा खुलासा झाल्यावर आई अर्धा दिवस गप्प होती. मग तिने स्टूल ओढले. सगळ्यात खालच्या थरापासून सुरुवात, प्रत्येक फांदीला दांड्याजवळून बाहेर येत येत हात, एक डहाळी वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. “पानावर पान पडता कामा नये. ऊन आत गेलं पाहिजे.” ऊन कुठले, आई? डिसेंबरातली फ्रीमॉण्टची खिडकी. पण चाळीस वर्षे तारेवर काड्या बांधलेल्या हाताला ते सांगून उपयोग नव्हता. दुपारी तिने कात्री मागितली, गोडी छाटणी राहिलीय म्हणून. ती मी लपवली. बाकी, एवढे भरलेले झाड मी आमच्या गल्लीत दुसरे पाहिलेले नाही.

नियम पाचवा. सजावट थोडी करावी.

पांढऱ्यावर पांढरे आणि चंदेरी हरवते. लाल, तांब्याचा रंग, लाकूड उठून दिसते. दिवे पिवळसर घ्यावेत. निळसर दिव्यात हा बर्फ दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसतो. आम्ही छत्तीस लाल गोळे टांगले होते. आईने त्यातले चौदा काढून डब्यात ठेवले. “एका काडीला एकच घड. जास्त ठेवलेस तर साखर भरत नाही.” नाताळच्या सजावटीबद्दल यापेक्षा बरा सल्ला मला इथल्या कुणी दिलेला नाही.

नियम सहावा. आवरणे.

माळ्यावर ठेवू नये. उन्हाळ्यात तिथे भट्टी पेटते आणि बर्फ पिवळा पडतो, म्हाताऱ्याच्या मिशीसारखा. दाबून कोंबू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, सुती कापड बरे. आईने जाताना स्वतःची दोन जुनी सुती पातळे ठेवली. जानेवारीत तीच झाडाला गुंडाळून तिने गाठी मारल्या होत्या, बेदाण्याच्या पोत्याला मारतात तशा. आणि ज्यांनी खरे झाड पांढरे करून घेतले असेल, त्यांनी ते न विचारता हिरव्या डब्यात टाकू नये. आमच्याकडे ते खताला घेत नाहीत.

यंदाही गाठी नखाने सोडायच्या, कात्री लावायची नाही, असा तासगावहून निरोप आहे. पिठले झालेल्या बाजूला टक्कल पडले आहे, ती बाजू भिंतीकडे करावी. तिथे नाक नेले तर अजून कडुनिंबाचा वास येतो.