साधेपणाची शेड

कोथरूडमध्ये मुलीचं कौतुक करायचं तर एकच विशेषण पुरतं: साधी. पूर्वी या साधेपणाला आरशापुढे दोन मिनिटं लागत. आता त्याला ‘नो मेकअप लुक’ म्हणतात, आणि प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर धरून तासभर सहज जातो.

डहाणूकर कॉलनीतल्या आज्यांच्या पिढीचा सगळा सरंजाम एका फळीवर मावायचा. तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, डबीतलं मेण, कुंकवाचा करंडा. कपाळावर मेणाचा गोल टेकवायचा, त्यावर बोटानं कुंकू दाबायचं, नाकावर सांडलेलं पदराच्या टोकानं टिपायचं. झालं! मुंबईचा अफगाण स्नो १९१९ मध्ये आला, टाटांची लॅक्मे १९५२ मध्ये, पण पावडरीचा थर जरा जाड झाला की घरातून विचारणा व्हायची, “गिरणीतून आलीस का गं?” आणि लिपस्टिक? ती नाटकातल्या बायकांनी लावायची.

गंमत म्हणजे नाटकातल्या या बायका बराच काळ पुरुषच होते. बालगंधर्वांच्या शालूची नि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका हौसेनं करत. गालाला रंग मात्र बालगंधर्वांनीच लावावा. सिनेमावाल्यांनी पुढे कडीच केली. मुंबईतल्या सिने-रंगभूषाकारांच्या संघटनेच्या लेखी रंगभूषा करायची ती पुरुषांनी, बाईनं फार तर केस विंचरावेत. हा दंडक मोडायला २०१४ साल उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात.

शेजारच्या हिंगण्यात महर्षी कर्व्यांचा आश्रम उभा राहिला, तेव्हा तिथल्या विधवांना समाजानं कुंकवाचीही बंदी केली होती. आज त्याच संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुली ओठ रंगवून परीक्षेला बसतात, आणि पर्यवेक्षक फक्त कॉपीवर लक्ष ठेवतात. एवढी प्रगती खरंच मोठी आहे.

२०२२ पासून वनाजहून मेट्रो सुटते. गाडी रिक्षासारखी उसळत नसल्यानं आनंदनगरला उजव्या डोळ्याचं लायनर, नळ स्टॉपला डाव्याचं, असं वेळापत्रकच बसलंय. समोरचे काका पेपरामागून बघतात, पण बोलत नाहीत. त्यांच्या चिरंजीवांचं लग्न ठरलंय आणि पॅकेजमध्ये ‘ग्रूम मेकअप’ आहे.

मुहूर्ताला भटजी घड्याळ दाखवतात, मामा मुलीला घेऊन हजर असतो, अंतरपाट धरून हात भरून येतात. नवरदेवाचा पत्ता नाही. आतून निरोप येतो: “दोनच मिनिटं, कन्सीलर वाळतोय!”