आदेशावरून

सोसायटीच्या सेक्रेटरींना ओळखायला बिल्ला लागत नाही. बहुधा निवृत्त, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि नजर अशी की रिक्षाने आलेल्या पाहुण्यालाही आपली गाडी चुकीच्या जागी लागली असावी असं वाटावं. घरात त्यांचं कोण किती ऐकतं याची चौकशी करू नये. जिन्याखालच्या काचेच्या पेटीत मात्र त्यांचाच शब्द चालतो. 'बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत.' 'डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये.' 'मुलांनी दुपारी आवारात खेळू नये', आणि संध्याकाळी गाड्या येतात म्हणून त्याच्याच खाली, 'संध्याकाळी खेळू नये'. प्रत्येक नोटिशीच्या शेवटी 'आदेशावरून'. आदेश कोणाचा हे विचारायची पद्धत नाही, कारण देणारे, लिहिणारे आणि लॅमिनेशन करून आणणारे एकच.

हे गृहस्थ दुष्ट नसतात. गरज कोणती आणि हौस कोणती, एवढंच त्यांना उलटं कळलेलं असतं. इमारतीची गरज काय, हे महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर ५ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, ३० च्या पुढे गेली की ३ वर्षांतून एकदा. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. पण या कामांना पैसे पडतात आणि झाल्यावर ती दिसत नाहीत. टाकीची गळती थांबली म्हणून कोणी नारळ फोडत नाही. प्रवेशद्वाराची कमान आणि तिच्यावरची एलईडीची अक्षरं रस्त्यावरून दिसतात, त्यामुळे कमान टाळ्यांच्या गजरात मंजूर होते आणि ऑडिट 'पुढील सभेत विचारार्थ' जातं. टाकी गळतच असते, म्हणून पाणी पुरत नाही. दुरुस्तीला लाखभर लागतील, नोटिशीला एक कागद. मग आधी 'पाणी जपून वापरा', नंतर 'गाड्या धुऊ नयेत', शेवटी 'कुंड्यांना पाणी घालणाऱ्यांवर कारवाई'. न केलेल्या कामाची भरपाई अशी नियमांनी होत राहते, आणि ज्या इमारतीचं प्लास्टर पडतं तिची नोटिशींची पेटी सहसा भरगच्च असते.

यावर हमखास उत्तर येतं, 'नियम नसले तर लोक जिन्यात संसार मांडतील.' खरं आहे, मांडतात. चपलांचं कपाट, सायकल, जुना कूलर, कोणाच्या तरी लग्नातलं कपबशांचं खोकं. जिना मोकळा हवा हा नियम चांगलाच आहे. आग लागली, धूर झाला, तर अंधारात उतरायला तीच एक वाट असते. गंमत अशी की सेक्रेटरींना त्याचं कारण विचारलं तर ते 'शोभा जाते' म्हणतात. कारण शोभेचं धरलं की पहिल्या मजल्यावरच्या चार चपला उचलल्या जातात, कारण तिथून पाहुणे जातात. आणि गच्चीच्या दाराशी ठेवलेलं गणपतीचं मखर, मंडपाच्या बांबूंसकट, तसंच राहतं, कारण तिथे कोणी बघायला जात नाही. गच्चीच्या दाराला कुलूपही असतं आणि किल्ली त्या जुडग्यात. नियम बरोबर असूनही वाया जातो तो असा. म्हणून कुठल्याही नोटिशीला एकच प्रश्न विचारावा: हे मोडलं तर नेमकं कोणाचं काय बिघडतं? जिन्यातल्या कूलरला उत्तर आहे. डिलिव्हरीवाल्याने लिफ्ट वापरली तर, माझ्या मते, फक्त त्याचे गुडघे वाचतात.

दुसरा आक्षेप बहुमताचा: सर्वसाधारण सभेत ठराव झालाय ना? पण बहुमताने काहीही करता येत नाही. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांकडून सोसायट्या मन मानेल तसं बिनभोगवटा शुल्क उकळत होत्या, तेव्हा २००१ मध्ये सरकारला ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधून टाकावं लागलं. ते शुल्क उकळणाऱ्यांकडेही ठराव होतेच. शिवाय हे बहुमत म्हणजे कोण, तर कोरमअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरलेल्या सभेत समोसे येईपर्यंत थांबलेली मंडळी.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हे काम मानधनाशिवाय होतं, शिव्या रोजच्या असतात, आणि पद सोडतो म्हटलं की सगळे सभासद एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागतात. फुकट राबणाऱ्या माणसाला चार नोटिसा लावायची हौस असली तर बिघडलं कुठे, असं म्हणता येईल. मीही तिथवर यायला तयार आहे. कपडे वाळत घालण्याची नोटीस राहू द्या. फक्त तिच्या शेजारी शेवटच्या ऑडिटची तारीख आणि अग्निशमनाचा जुलैचा दाखला लावायची सक्ती करावी. पेटीत जागा नाही अशी सबब येईल. कुठल्या नोटिसा काढायच्या ते मग सेक्रेटरींनीच ठरवावं.