मुलांसह मालवण : शास्त्रोक्त पद्धत

पाच वर्षांखालील मूल रेल्वेच्या लेखी प्रवासी नसते. त्याला तिकीट लागत नाही, म्हणून बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वयोगटाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, नको असेल तर अर्धे. हा नियम वाचून जे पालक ‘धाकट्याचं तिकीट वाचलं’ म्हणून खूश होतात, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून रिक्षाने मालवण-तारकर्ली, तीन रात्रींचा मुक्काम, सोबत सहा वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा धाकटा, एवढे गृहीत धरले आहे. अपत्ये याहून अधिक असल्यास आधी कुलदैवताला जाऊन यावे.

१. पूर्वतयारी

आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला खुले होते. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मार्चमध्येच आठच्या ठोक्याला दोघांनी दोन मोबाइल घेऊन बसावे. नेमकी याच वेळी धाकट्याला शी लागते. हा योगायोग नसल्याने त्याचे नियोजन करून ठेवावे.

सामानाची यादी दोन भागांत करावी. पहिला भाग तिकीट नसलेल्या प्रवाशाचा : डायपर, वाइप्स, ओआरएस, तापाचे औषध, थर्मामीटर, नाचणीचे सत्त्व, मेतकूट, इलेक्ट्रिक किटली, एक चाक नसलेला जेसीबी, ज्याच्याशिवाय झोप येत नाही ते दुपटे, आणि ते हरवल्यास दाखवायला तसलेच दुसरे. दुसरा भाग उरलेल्या तिघांचा. तो पहिल्या भागात जागा उरली तर न्यावा.

ही यादी पाहून घरातल्या आजी म्हणतील, “आम्ही तुम्हाला लाल गाडीनं न्यायचो, तेव्हा कुठं होतं हे सगळं?” वाद घालू नये. “मग आई, तुम्हीही चला ना,” असा मनापासून आग्रह करावा. त्याच क्षणी त्यांचे गुडघे दुखू लागतात आणि विषय संपतो.

२. प्रवास

दिवसाच्या गाडीने निसर्ग दिसतो, रात्रीच्या गाडीने मुले झोपतील अशी आशा असते. दोन्हींपैकी निसर्ग निवडावा, तो निदान खरोखर असतो.

डब्यात येणारा प्रत्येक पदार्थ मुलांना हवा असतो आणि हातात आल्यावर नको असतो. उरलेला वडा, अर्धे कटलेट, चाटलेला चिक्कीचा तुकडा हे सर्व वडिलांनी संपवावे. त्यांच्या दुपारच्या जेवणाची आणि रात्रीच्या अजीर्णाची सोय यातच होऊन जाते.

या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. पहिल्या बोगद्यात मुले किंचाळतात आणि डबा कौतुकाने हसतो. दहाव्या बोगद्यातही मुले किंचाळतात. डबा आता तुमच्याकडे बघत असतो. अशा वेळी मोबाइलवर गाणे लावावे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा ६.५ किलोमीटर लांबीचा आहे. तिथे रेंज जाते, गाणे मधेच अडकते आणि धाकटा हंबरडा फोडतो. उजेड येईपर्यंत ते गाणे पालकांनी स्वतः, हावभावांसह म्हणावे. समोरच्या बर्थवरचे काका “आमच्या वेळी मोबाइल नव्हते,” असे म्हणतील. दुसरे कडवे त्यांना द्यावे.

३. खोलीत प्रवेश

खोलीतून समुद्र दिसतो म्हणून रोजचे हजार रुपये जास्त मोजलेले असतात. खिडकी उघडून “ते बघ काय!” असे म्हणावे. मुले त्या वेळी न्हाणीघरात असतात. तिथे लाल बादली आणि हिरवा मग सापडलेला असतो. दोन्ही वस्तू घरीही आहेत, हे सांगण्याचा उपयोग होत नाही. पंख्याचे बटण, पलंगाखालची मांजर आणि भिंतीवरची पाल ही उर्वरित प्रेक्षणीय स्थळे होत. ती आटोपल्याखेरीज बाहेर पडू नये.

४. ऐतिहासिक स्थळदर्शन

मालवणच्या बंदरातून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येते. पावसाळ्यात ही होडी बंद असते, त्यामुळे मे महिन्यात टाळण्यास सबब उरत नाही. होडीत मुलाला एका हाताने आणि त्याच्या टोपीला दुसऱ्या हाताने धरावे. दोन्ही धरणे शक्य नसल्यास मुलाला धरावे.

किल्ल्यावर वडिलांनी माहिती सांगावी, अशी प्रथा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू केले, १६६७ मध्ये ते पुरे झाले, राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे, हे सर्व ठामपणे सांगावे. थोरली विचारेल, “बाबा, तेव्हा शू कुठं करायचे?” प्रश्न ऐतिहासिक वाटला तरी तो तातडीचा असतो, हे ओळखावे.

त्यानंतर गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवाव्यात. भर समुद्रात, चहूकडे खारे पाणी असताना इथले पाणी गोडे आहे, हे खरोखर थक्क करणारे आहे. मात्र त्यांची नावे सांगू नयेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही नावे कानावर पडताच धाकटा दूध मागतो. विहिरीत दूध नसते हे त्याला पटवण्यात किल्ल्यावरचा उरलेला वेळ जातो आणि परतीची होडी सुटते.

५. आहार

पालकांना सुरमई, तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी हवी असते. मुलांना मॅगी हवी असते. घरून आणलेला मेतकूटभात ती थुंकतात. एवढ्यात घरमालकीण काकू “पोराक काय व्हया?” असे विचारत बाहेर येतात आणि उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवतात. धाकटा ती वाटी चाटूनपुसून खातो. हीच पेज घरी केल्यास खाणार नाही. तरीही निघताना पाच किलो उकडा तांदूळ विकत घ्यावाच, अन्यथा सासरमाहेरी उत्तर द्यावे लागते.

६. समुद्र

पहिल्या दिवशी मुले पाण्याला घाबरून मानेला लटकतात. शेवटच्या दिवशी, रिक्षा दारात उभी असताना, ती पाण्याबाहेर येत नाहीत. दरम्यानच्या काळात तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग करता येते, पण पाळीपाळीने, कारण एकाला किनाऱ्यावर मुले सांभाळावी लागतात. आधी कोण जाणार हे मुंबईतच लेखी ठरवावे. पाण्याखाली गेलेला पालक लवकर वर येत नाही. तिथे मासे दिसतात हे एक कारण. तिथे कोणी ‘बाबा’ म्हणून हाक मारत नाही, हे मुख्य.

७. निष्कर्ष

एकाच तिकिटावर दोन सहली निघतात. एक पालकांची, मालवणला. दुसरी मुलांची, जिथे बादली असेल तिथे. या दोन सहलींची गाठ घालण्याच्या प्रयत्नातच पालक दमतात. ती घालू नये. एकाने इतिहास बघावा, एकाने पाल बघावी आणि दुपारी अदलाबदल करावी.

परतल्यावर नातेवाइकांसमोर मुलांना “काय आवडलं?” असे विचारू नये. साठ हजारांचा खर्च आणि दुखणारा पाठीचा कणा यांचा हिशेब तिथेच चव्हाट्यावर येतो. पुढच्या वर्षी खोली आरक्षित करताना समुद्र किती जवळ आहे, हे विचारत बसू नये. न्हाणीघरातल्या बादलीचा रंग विचारावा.