जुनी काडी

मिनियापोलिसला येऊन मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी दारातला बर्फ उपसायला शिकलो, गारठलेली गाडी चालू करायला शिकलो, आणि उणे वीसमध्ये शेजारी "आज जरा गार आहे, नाही?" म्हणाला तर न रडता हसायलाही शिकलो. हायड्रेंजियाला फूल आणणं तेवढं जमत नव्हतं.

ते झाड घरात आलं मदर्स डेला. चिरंजिवांनी आईला चकचकीत कागदात गुंडाळलेली कुंडी दिली. फ्लॉवरच्या गड्ड्याएवढे निळेशार गुच्छ! बायको हरखली. फुलं सुकल्यावर तिने फर्मान काढलं, "अहो, हे अंगणात लावा. दर वर्षी फुलेल." मी नाशिकचा, तिचं माहेर निफाडचं, द्राक्षबागायतदारांचं. बागेतलं सगळ्यांनाच कळतं असा त्या घराण्याचा समज आहे.

पुढच्या उन्हाळ्यात झाड जमिनीतून तरारून वर आलं. पानं तर इतकी टवटवीत की वड्या कराव्यात. (करू नयेत, विषारी असतात.) फूल मात्र एकही नाही. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी बायको पाहुण्यांना दाखवायला लागली, "ही ह्यांची पालेभाजी."

दोष थंडीचा, असा मी निकाल दिला. निफाडचा पारा चारवर आला की पेपरात बातमी येते आणि मेहुणा बागेत शेकोट्या पेटवतो. आमच्याकडे २०१९च्या जानेवारीत पारा उणे तेहतीस सेल्सिअसला गेला होता. इथे अंगणात शेकोट्या पेटवल्या तर आधी अग्निशमन दल येईल, फूल नंतर. म्हणून झाडाभोवती कोंबड्यांची जाळी उभी केली आणि आत ओकची वाळकी पानं ठासून भरली. ओकचीच, कारण ती भिजून लगदा होत नाहीत. आमची पानं कमी पडली, तेव्हा शेजाऱ्यांनी कचरागाडीसाठी बाहेर ठेवलेल्या पिशव्या अंधारात उचलून आणल्या. पन्नाशीत पालापाचोळ्याची चोरी! वरून एक जुनी गोधडी घातली. ती सासूबाईंच्या हातची होती, हे मला डिसेंबरात कळलं. उरलेला हिवाळा घरातही थंडच गेला.

वसंतात जाळी उघडली, तर आत ससा. ऐन थंडीत साहेब सासूबाईंच्या गोधडीखाली राहिले होते आणि एकेक काडी सोलून जेवले होते.

चौथ्या वर्षी जाळी जमिनीत खोल पुरली. त्याआधी ऑक्टोबरात झाड छान गुडघ्याएवढं छाटून घेतलं. आई मोगरा असाच छाटायची आणि उन्हाळ्यात मोगरा फुलून यायचा. आमच्याकडे आली पालेभाजी.

शेवटी लाज सोडून मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने झाड उलटसुलट बघितलं.

"दाजी, ऑक्टोबरात छाटलं?"

"हो."

"काडी तपासली होती?"

"म्हणजे?"

"आम्ही ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतो, घड कुठल्या डोळ्यात आहे ते. तुम्ही घडासकट छाटलं असणार."

हायड्रेंजिया उभ्या जन्मात न पाहिलेल्या माणसाने माझ्या चार वर्षांचा निकाल दीड मिनिटात लावला. या मोठ्या पानांच्या जातीची पुढच्या वर्षीची फुलं आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी काडीच्या टोकाच्या डोळ्यांत तयार होऊन बसतात. मग ती टोकं मालक छाटतो, नाहीतर ससा खातो. दोघांतून वाचली तर थंडी मारते, आणि थंडीतूनही वाचली तर मे महिन्यातलं एक चुकार दहिवर. मुळं तेवढी जगतात आणि दर वर्षी नव्या काड्या, नवी पानं देतात. झाडाला वाटतं आपण सुखरूप आहोत.

समोरच्या ऐंशीच्या आजीबाईंकडे मात्र दर जुलैत पांढऱ्या गेंदांचा ढीग पडतो. त्यांचं ॲनाबेल. १९१० साली इलिनॉयमधल्या ॲना गावाजवळच्या रानात हॅरिएट कर्कपॅट्रिक नावाच्या बाईंना सापडलेलं हे वाण त्याच वर्षी फुटलेल्या काडीवर फुलतं, त्यामुळे हिवाळ्याने वरचं सगळं मारलं तरी त्याचं काही अडत नाही. एप्रिलमध्ये आजीबाई मोठ्या कात्रीने ते घोट्याएवढं करतात आणि आत जाऊन टीव्ही बघतात. मेहुण्याला सांगितलं, तर म्हणाला, "ही खरी खरड छाटणी. दाजी, तुम्ही हेच लावायचं होतं." शेंड्याला निमुळते तुरे येणाऱ्या पॅनिक्युलाटाचंही असंच, आणि तो तर याहून काटक. थंड मुलखात राहणाऱ्याने या दोनांतलं एक लावावं आणि माझ्यासारखी जिद्द करू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

मी अर्थातच जिद्द केली. छाटलं नाही. जाळी घातली, पानं भरली (या वेळी मागून आणली), आणि मे अर्धा सरेपर्यंत एक पान हलवलं नाही. जुलैत दोन फुलं आली.

बायको बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती. "अहो, निळं होतं ना हे?"

होतं. पण निळा रंग यायला आम्लधर्मी माती लागते, तरच झाडाला मातीतलं ॲल्युमिनियम घेता येतं. आमची माती चुनखडीची. फुलं गुलाबी आली, अगदी लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी.

गॅरेजमध्ये गंधकाचं पोतं आणून ठेवलं आहे.